डबलसीट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला. डोळ्यांनी जरा असहकार पुकारला होता. आता अक्षरं मोठी करून, एकेक बटण शोधत टंकतोय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सोडून द्या. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या काढल्या, आता माझ्या काढायचा तुम्हाला हक्क आहे, पण आज नको.

आजचा विषय आहे स्पोर्ट बाइकवर मागे बसणाऱ्याला सुखानं कसं न्यावं. हसताय ना? हसा. पंचाहत्तरीला टेकलेला मराठी-इतिहासाचा मास्तर या विषयावर लिहील असं वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण या विषयाच्या पोटातून आमच्या घरातली एक जुनी गोष्ट बाहेर आली, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. नातेवाईक मंडळींनी तर शेवटपर्यंत वाचावंच.

तर झालं असं...

गेल्या वर्षी एका संध्याकाळी स्टेशन रोडनं चेतकवरून घरी येत होतो. डाव्या बाजूनं एक सायकलवाला पोरगा आला आणि मला तो दिसलाच नाही. थोडक्यात वाचला. "काय ओ, दिसत न्हाई काय?" म्हणून ओरडला, आणि मग ओळख पटल्यावर "सर, तुम्ही हाय व्हय?" म्हणून ओशाळला. ओशाळायला मी हवा होतो. पोरगा माझ्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा निघाला.

दुसऱ्या आठवड्यात मिरज गाठली. आमच्या भागात दुखणं मोठं असलं की मिरजेला जायचं, ही रीत जुनी. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव. तिथं डोळ्यांच्या दवाखान्यात मला एका डब्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत इकडे-तिकडे बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी आपला वाट बघत बसलो, की अजून दिवे का लावत नाहीत. दिवे लागत होते. मला दिसत नव्हते.

काचबिंदू. हा रोग समोरचं आधी नेत नाही, कडेकडेनं कुरतडत येतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. डॉक्टर म्हणाले, "सर, आजपासून गाडी बंद." मी मान हलवली. घरी येऊन चेतकवर जुनी चादर टाकली. त्या रात्री मी नीट जेवलो नाही, असं सौ. म्हणते. मला आठवत नाही.

आता दर तीन महिन्यांनी मिरजेची वारी. तपासताना डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यानंतर तीन-चार तास सगळं धुरकट. उन्हात तर डोळे उघडवत नाहीत. एसटीनं एकटा जाईन म्हटलं, तर घरात कुणी ऐकेना. चिरंजीव पुण्याला, त्यांची चारचाकी पुण्याला. राहिला नातू. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याकडेच राहतो आणि त्याच्याकडे आहे ती स्पोर्ट बाइक. ती घ्यायला मी दोन वर्षांपूर्वी कडाडून विरोध केला होता. घरात माझा विरोध नोंदवून घेतला जातो, पुढं काही होत नाही. असो.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्याची सीट खाली, हँडल त्याहून खाली, त्यामुळे चालवणारा टाकीवर वाकलेला. मागच्याची सीट मात्र वीतभर उंच, जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. सीट म्हणजे काय, आमच्या देवघरातलं आसन मोठं असेल. पायदानंही वर, त्यामुळे गुडघे पोटाशी. ज्यांच्या नकला या गाड्या करतात त्या शर्यतीच्या. शर्यतीत मागे कुणी बसत नाही. तेव्हा मागची सीट ही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या घडीच्या खुर्चीसारखी, असावी म्हणून असलेली. यात आमच्या नातवाच्याच गाडीचा दोष नाही, ही सगळी जातच तशी.

नातवाकडून एक गंमतीची माहिती कळली. यामाहानं २००८ साली आर-फिफ्टीन भारतात आणली तेव्हा तिला सलग एकच लांब सीट होती. २०११ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तीत सीटचे दोन तुकडे झाले आणि मागचा तुकडा वर गेला. पोरं खूश. पण २०१५ मध्ये त्याच कंपनीनं सलग सीटची आर-फिफ्टीन एस वेगळी काढली, आणि २०२१ मध्ये पुन्हा एकदा. मी म्हटलं, "म्हणजे कुणाची तरी आजी बोलली असणार." आपल्याकडे अशी गाडी घरात दुसरी-तिसरी म्हणून येत नाही. बऱ्याच घरांत ती एकुलती एक असते. त्याच गाडीवर कॉलेज, दळण, दवाखाना, आणि आजोबा.

पहिल्या वारीला निघालो. जयसिंगपूर ते मिरज, उदगाववरून कृष्णेचा पूल ओलांडून अंकली, तिथून मिरज. पंधरा किलोमीटरच्या आसपास. चेतकवर मी हे अंतर हजार वेळा कापलं असेल. पण ते पुढं बसून.

बसतानाच पहिली फजिती. उजवा पाय पलीकडे टाकायचा तर तो सीटला अडला. शेजारच्यांनी हातभार लावला. गाडी सुरू झाली तसा मी मागे गेलो आणि नातवाचा शर्ट धरला. पहिला स्पीडब्रेकर आला तसा मी उडालो. त्यानं ब्रेक दाबला तसा घसरत त्याच्या पाठीवर आदळलो, आणि माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्. गिअर बदलला, टक्. पुन्हा ब्रेक, टक्. उसाचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर. त्यातल्या एकाला मागे टाकताना गाडी कलली, तसा मी घाबरून उलट्या बाजूला ताठ झालो. गाडी क्षणभर डगमगली. पुढचं मला काहीच दिसत नव्हतं, त्याचं हेल्मेट तेवढं दिसत होतं. काय येणार ते कळत नाही, आलं की कळतं. मागे बसलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही मंडळी, त्याला फक्त चालवणाऱ्याचा स्वभाव कळतो.

मिरजेत उतरलो तेव्हा गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. नातवानं विचारलं, "आबा, बसलासा न्हवं आरामात?" मी म्हणालो, "फस्क्लास!"

आता हे खोटं मी का बोललो? मास्तरकीचा ताठा, दुसरं काय. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसानं नातवाला "मला भीती वाटली" असं कसं सांगायचं? त्याला बिचाऱ्याला वाटलं, आजोबा मजेत आहेत. परत येताना त्यानं आणखी जोरात आणली.

घरी आलो. सौ. मेथी निवडत बसली होती. नातू गेल्यावर मी तिच्याशी कुरकुर केली. कंबर गेली, न सांगता ब्रेक मारतो, मी बसलोय की नाही हे न बघता निघतो. ती मेथी निवडता निवडता ऐकत होती. मग म्हणाली, "निघताना विचारलं नाही ना? मला माहीत आहे ते."

मला कळेना. ती म्हणाली, "शिरोळचं आठवतं का?"

नातेवाईकांना शिरोळचं सांगायला नको. लग्नात, बारशात, पंगतीत मी ही गोष्ट किमान शंभर वेळा सांगितली असेल. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. साल १९८२. माझ्याकडे जुनी घेतलेली राजदूत फटफटी होती. चेतकसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, तो माझा पुढं लागला. कुरुंदवाडला मेहुण्यांकडे कार्य होतं. पुढे टाकीवर पाच वर्षांचा मुलगा (तेव्हा यात कुणाला वावगं वाटत नसे. आता चार वर्षांखालच्या पोराला बांधायचा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० च्या आत वेग, असा नियम २०२३ पासून लागू आहे). मागे ही, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर दहा महिन्यांची मुलगी, खांद्याला पिशवी. शिरोळच्या पुढे पाणी प्यायला थांबलो. पुन्हा निघालो. शंभरेक पावलं गेल्यावर मुलगा म्हणाला, "अण्णा, आई तिकडं खाली बसलीय."

मी ही गोष्ट अशी रंगवत असे: "आमच्या मंडळींचा उभ्या गाडीवरून तोल गेला! आणि मला वाटलं, गाडी एकाएकी हलकी कशी पळायला लागली, इंजिन सुधारलं की काय!" हशा ठरलेला. तीही हसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "हो बाई, तोल गेला माझा."

त्या दिवशी मेथीच्या जुडीवरून मान वर न करता ती म्हणाली, "तोल नव्हता गेला. मी 'थांबा' म्हणाले होते. एकच पाय पायदानावर आला होता. दोन्ही हात पोरीला धरण्यात. तुम्ही क्लच सोडलात."

मी म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्याच रात्री तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, हिचा तोल गेला म्हणून. सगळे हसले. मग मी तेच सांगत आले."

पोरीला वर धरायला दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे ती जशी होती तशी बसल्या बसल्या रस्त्यावर आपटली. माकडहाडाला मार. तेव्हा महिनाभर शेकत होती ते मला आठवलं. पण दुसरं एक आठवलं, आणि ते जास्त लागलं. ती आजही पाटावर बसताना एका अंगाला कलून बसते. पंगतीत उजव्या हाताचा टेकू घेते. मी इतकी वर्षं समजत होतो की ती तिची सवय आहे.

मी काही बोललो नाही. उठून पाणी प्यायलो. ती म्हणाली, "जाऊ द्या. पोराला सांगा मात्र. त्याला सांगितलं नाही तर तो कसा शिकेल?" आणि हसून वर म्हणाली, "मास्तर ना तुम्ही?"

मग सांगितलं. त्याच रात्री नातवाला समोर बसवून खरं काय ते सांगितलं, की फस्क्लास वगैरे काही नव्हतं, मला भीती वाटली. तो गप्प झाला. म्हणाला, "आबा, तुम्ही बोलायचं तरी. मला मागचं काय कळत न्हाई." अगदी खरं आहे. चालवणाऱ्याला मागचं कळत नाही. कळायचं असेल तर विचारावं लागतं, आणि मागच्यानं खरं सांगावं लागतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी गल्लीत तालीम केली. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे गाव आखून वसवलं, त्यामुळे आमच्या गल्ल्या सरळ आणि नंबरवार. शिकायला उत्तम. दोन-तीन रविवार गेले. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो. घरात पोरं आणि अशा गाड्या असतील तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट बसण्याची. आधी चालवणाऱ्यानं बसायचं, साइडस्टँड वर घ्यायचं, दोन्ही पाय जमिनीवर रोवायचे, पुढचा ब्रेक दाबून धरायचा, आणि मग "बसा" म्हणायचं. मागच्यानं डावीकडून यायचं, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, डावा पाय पायदानावर, मग उजवा पलीकडे. पायदानावर वजन पडलं की गाडी डावीकडे ओढली जाते, म्हणून पुढच्यानं तयार राहायचं. म्हाताऱ्या माणसानं मधली युक्ती करायची, गाडी घराच्या पायरीला किंवा कट्ट्याला लावून घ्यायची. पायरीवर उभं राहिलं की निम्मा डोंगर आधीच चढून झालेला असतो. उतरतानाही तसंच, आणि पाय सायलेन्सरपासून लांब. तो तापलेला असतो, पोटरी भाजते.

दुसरी गोष्ट निघण्याची. मागच्यानं खांद्यावर दोन थापा मारल्याशिवाय गाडी हलणार नाही, हा आमचा नियम. दोन थापा म्हणजे 'बसलो, चल'. एक थाप म्हणजे 'हळू'. सलग थापा म्हणजे 'थांब, काहीतरी बिनसलं'. वाऱ्यात आणि हेल्मेटात बोललेलं ऐकू येत नाही, थाप कळते.

तिसरी हातांची. शर्ट धरून काही होत नाही. एक हात पुढच्याच्या कमरेला. आणि ब्रेक लागणार असं वाटलं की दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या कुशीवरून पुढे नेऊन पेट्रोलच्या टाकीवर टेकवायचा आणि गुडघ्यांनी थोडा आवळ धरायचा. हे का, ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावलं. गाडी थांबते, पण आपलं अंग पुढेच जात राहतं, हाच तो आठवीत शिकवतात तो जडत्वाचा नियम. या गाड्यांवर चालवणारा आधीच मनगटांवर वाकलेला असतो. मागच्याचं वजन त्याच्या पाठीवर आलं की सगळा भार त्या मनगटांवर, आणि त्याच हातांनी त्याला हँडल आणि ब्रेक सांभाळायचा असतो. टाकीवर तळवा टेकला की आपलं वजन टाकी झेलते, पोरगं मोकळं राहतं.

चौथी वळणाची. गाडी कलली की आपणही तिच्याबरोबर कलायचं, उलट ताठ व्हायचं नाही. सोपी खूण म्हणजे, डावीकडे वळताना पुढच्याच्या डाव्या खांद्यावरून बघायचं, उजवीकडे वळताना उजव्या. बाकी अंग आपोआप बरोबर जातं. आणि गाडी थांबली तरी मागच्यानं पाय पायदानावरच ठेवायचे. मला आधी मदत म्हणून पाय खाली टेकायची सवय लागली होती. त्यानं गाडी उलट डुलते.

पण खरा अभ्यास पुढच्याचाच आहे. ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, एकदम पिळायचाही नाही. गिअर असा बदलायचा की मागच्याला कळू नये. ब्रेक लांबून धरायचा, आधी मागचा हलका, मग पुढचा हळूहळू वाढवत. दोघांचं वजन असलं की गाडी थांबायला जास्त जागा घेते, म्हणून ट्रॉलीच्या शेपटाला लागायचं नाही. स्पीडब्रेकर आला की मागचा अगदी चाकावर बसलेला असतो, सगळ्यात मोठा हिसका त्याला बसतो. तेव्हा वेग मारून डावा हात मागे नेऊन माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायची, की मी पायांवर जोर देऊन किंचित उचलला जातो. हिसका गुडघे खातात, मणका वाचतो. माझी हेल्मेटाची टकटक मोजायची ठरवली होती. पहिल्या दिवशी अकरा, तिसऱ्या रविवारी एक. ती एक कुत्र्यामुळे.

शिवाय हवा. गाडीबरोबर जी पुस्तिका येते तीत बहुधा एकट्यासाठी वेगळा आकडा आणि डबलसीटसाठी वेगळा दिलेला असतो. आमच्या पठ्ठ्यानं ती पुस्तिका उघडलीच नव्हती. काही गाड्यांचा मागचा शॉकअप घट्ट-सैल करता येतो, तेही मेस्त्रीला विचारावं.

आणि कायदा. मास्तर असल्यामुळे तोही वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मागे एकच माणूस, तोही नीट बसवलेल्या सीटवर, आणि हेल्मेट दोघांना. १९८९ च्या केंद्रीय नियमांत १२३ वा नियम फक्त मागे बसणाऱ्यासाठी आहे. त्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला पायदान हवं, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं. म्हणजेच आपलं साडीगार्ड. मी गाडीपाशी जाऊन पाहिलं, तर जाळी गायब. विचारलं तर म्हणाला, "काढून ठेवलीय आबा. शो जातो गाडीचा. आणि हिच्यावर कोण साडी नेसून बसणाराय?"

आतून आवाज आला, "मी बसणार आहे."

दोघंही चपापलो. सौ. दारात उभी. म्हणाली, "साडी नेसून नाही. पण बसणार आहे. घरात गाडी एक आणि तिच्यावर मला जागा नाही, असं कसं चालेल? मला वाडीला जायचंय."

नातवानं त्याच दिवशी माळ्यावरून जाळी काढली आणि मेस्त्रीकडून बसवून आणली. ओढणी, पदर, गळ्यातला मफलर, सगळ्याला ती जाळी लागते. साडी नसली म्हणून चाक काही सोडत नाही.

त्याआधी माझी दुसरी मिरज-वारी झाली. पायरीवरून बसलो, दोन थापा, निघालो. अंकलीला दहा मिनिटं थांबलो, चहा घेतला, पाय मोकळे केले. येताना डोळ्यांपुढे धुरकट होतं, काळा चष्मा, वर हेल्मेट. खरं म्हणजे काहीच दिसत नव्हतं. पण गुडघ्यावर टिचकी आली की मी उचलला जायचो, कूस कलली की मी कलायचो. पहिल्या खेपेला दिसत असून भीती वाटली होती, या खेपेला न दिसता वाटली नाही. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "खरं सांगा आबा." मी म्हणालो, "गुडघे दुखले. बाकी बरं वाटलं." हेही लिहून ठेवतो, की कितीही युक्त्या केल्या तरी ही गाडी म्हाताऱ्यांसाठी नव्हे. अर्ध्या तासाच्या पुढचा प्रवास असेल तर सरळ एसटी किंवा रेल्वे धरावी. कोल्हापूरला मी रेल्वेनंच जातो.

आणि गेल्या महिन्यात एका गुरुवारी सौ. वाडीला गेली. नृसिंहवाडीला, दत्ताच्या दर्शनाला. पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी घेतली नव्हती. सत्तरीच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसायचं होतं. म्हणाली, "एका अंगावर बसून बसून कंटाळले." मागच्या त्या छोट्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसणं तसंही धोक्याचंच, धड टेकायलाही जागा नसते.

मी पायरीपाशी उभा होतो. तिनं नातवाच्या खांद्यावर हात ठेवला, पाय टाकला, नीट बसली. हात कुठं, पाय कुठं, सगळं करून घेतलं. नातू हलला नाही. मान किंचित वळवून म्हणाला, "आजी, बसलीस?" ती म्हणाली, "थांब." चप्पल सारखी केली. हेल्मेटाचा पट्टा चाचपला. तो थांबला होता. मग तिनं त्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या आणि गाडी निघाली, इतकी सावकाश की गल्लीतली पोरं शेजारून चालत गेली.

मी आत येऊन बसलो. ती 'थांब' म्हणाली आणि तो थांबला, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. केवढा वेळ लागला असेल? दहा-बारा सेकंद. १९८२ साली माझ्याकडे ते नव्हते का? कार्याला उशीर होत होता असं आठवतं. पण कार्य संध्याकाळचं होतं आणि आम्ही चारला निघालो होतो.

परत आली ती कवठाची बर्फी घेऊन. कशी झाली सफर विचारलं, तर म्हणाली, "छान. विचारत विचारत नेलं त्यानं."

तर नातेवाईक मंडळी, विशेषतः कुरुंदवाडकर आणि बंगळूरला असलेली आमची कन्या, जी त्या दिवशी आईच्या मांडीवर होती: यापुढे शिरोळची गोष्ट कुणी सांगितली तर ती अशी सांगा. तिचा तोल गेला नव्हता. ती 'थांबा' म्हणाली होती. मी ऐकलं नाही, क्लच सोडला. ती पडली, आणि पडताना तिनं पोरीला वर धरलं म्हणून पोरीला खरचटलंही नाही. गाडी हलकी झाली हे मला कळलं, ती का झाली हे मुलानं सांगेपर्यंत कळलं नाही. यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी हसवलं, ही माझी चूक.

तुमच्या घरी मागे कोण बसतं? निघताना विचारता का? कळवा जरूर.

ता.क. हा लेख सौ.ला वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले की चष्मा, ते मला माझ्या डोळ्यांनी नीट दिसलं नाही. म्हणाली, "पिशवीत चिरोटे होते. सगळ्यांचा चुरा झाला होता. ते लिहा." लिहिलं.